नाशिकच्या द्वारका चौकाजवळचं सेन्सरचं दुकान: भाव कडक, माल खरा

माझा बीएस-६ ट्रक. पिंपळगावचा कांदा वाशीला टाकून परतताना डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागायचा आणि कसारा घाटात गाडी ओढायचीच नाही. नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा, गेलेला. आधी ऑनलाइन स्वस्तातला मागवला, तो निघाला बारा व्होल्टचा. आपली गाडी चोवीसची! इथल्या काउंटरवरच्या दादांनी जुना सेन्सर घेतला, वायरीच्या टोकाच्या डबीवरची काजळी फडक्यानं पुसली, नंबर वाचला. एससीआरच्या, म्हणजे सायलेन्सरकडच्या धूर साफ करणाऱ्या डब्याच्या, आधीचा की नंतरचा, तेही विचारलं. मगच खोकं काढलं. साडेसतरा हजार, एक रुपया कमी नाही. पण पक्कं बिल, वर चहा. ‘सेन्सरच्या टोकाला हात लावू नका,’ दोनदा बजावलं. पार्किंगची मात्र बोंब; ट्रक लांब लावून चालत या.