व्हिवाडोचं आयबर्ट: टूल उत्तम, पण निळ्या डोळ्याला भुलू नका

किंटेक्स-७ या एफपीजीए (हवं तसं सर्किट भरता येणाऱ्या) चिपवर १०.३१२५ जीबीपीएसची लिंक उभी करताना ट्रान्समीटरला किती इक्वलायझेशन (वाटेत सिग्नल बिघडतो त्याची भरपाई) द्यायचं, हे ठरवायला आयबर्ट पुरेसं आहे. व्हिवाडो या एफपीजीएच्या सॉफ्टवेअरमधलं हे टूल लिंकवरच्या चुका मोजतं आणि सिग्नल किती स्वच्छ पोचला याचं चित्र, म्हणजे ‘डोळा’, दाखवतं. त्याचा आयपी (तयार सर्किट ब्लॉक) फुकट. मात्र किंटेक्स-७ च्या केसी७०५ बोर्डावरची ३२५टी चिप व्हिवाडोच्या मोफत आवृत्तीत बसत नाही, तिथे लायसन्स लागतंच.

प्रीकर्सर (पुढून येणाऱ्या बिटाच्या त्रासाची भरपाई, ० ते ६.०२ डीबी), पोस्टकर्सर (आधीच्या बिटाच्या त्रासाची, ० ते १२.९६ डीबी) आणि स्विंग (सिग्नलची उंची) हे तिन्ही चालू लिंकवर बदलता येतात, बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाइल) नव्याने बनवावी लागत नाही. टूल वापरायचं ते याचसाठी. पोस्टकर्सरच्या पायऱ्या मात्र सारख्या नाहीत: पहिली ०.२२ डीबीची, शेवटची थेट ०.९२ ची. म्हणून स्वीप (वेगवेगळे आकडे ओळीने तपासणं) लावताना खाली मोठ्या उड्या घ्या, वर एकेक पायरी चढा. प्रीचे ४, पोस्टचे ८ आणि स्विंगचे ३ आकडे घेतले तरी ९६ स्कॅन होतात, आणि जेटॅगवरून (चिप तपासायच्या हळू जोडणीवरून) ते रांगतच चालतात. प्रत्येक बदलानंतर रिसीव्हर रिसेट करा, नाहीतर आधीच्या सेटिंगला जुळलेला डीएफई (रिसीव्हरमधला, आधीच्या बिटांवरून दुरुस्ती करणारा इक्वलायझर) नव्याचा निकाल बिघडवतो.

एसएमए केबलच्या छोट्या लूपबॅकवर (ट्रान्समीटर परत आपल्याच रिसीव्हरला जोडून) काढलेले आकडे बॅकप्लेनला (कार्डं जोडणाऱ्या मोठ्या बोर्डाला) लावू नका. ६ डीबी पोस्टकर्सर म्हणजे सलग सारख्या बिटांची उंची निम्मी. आखूड केबलवर ती नुसती वाया जाते.

खरी मेख पुढे आहे. स्क्रीनवर दिसतो तो रिसीव्हरच्या इक्वलायझरनंतरचा डोळा. पोस्टकर्सर चुकला तरी डीएफई बराचसा सावरून घेतो, चूक झाकली जाते. प्रीकर्सरचं तसं नाही: डीएफई निकाल लागलेल्या बिटांवरच चालतो, पुढून येणाऱ्या बिटाचा त्रास त्याला काढता येत नाही. तो ट्रान्समीटरनेच निस्तरायचा. चॅनेलचा लॉस १२ डीबीच्या आत असेल तर आधी एलपीएम (डीएफईविना साधा इक्वलायझर) मोडमध्ये ट्रान्समीटर बसवा, मग हवा तर डीएफई. स्क्रॅम्बलिंग (बिट मुद्दाम विस्कटणं) नसलेल्या ८बी/१०बी कोडिंगच्या डेटावर तर एलपीएमच बरा, कारण डीएफईला जुळवून घ्यायला डेटा विस्कळीत लागतो.

पीआरबीएस-७ (विस्कळीत दिसणाऱ्या बिटांचा छोटा चाचणी क्रम) वर सगळंच गोजिरं दिसतं. ६४बी/६६बी कोडिंगची लिंक असेल तर पीआरबीएस-३१ (त्याहून फार लांब क्रम) च लावा. घाईच्या स्कॅनमधला निळा भाग लाखात एक चूक एवढंच सांगतो. लाख कोटी बिटांत एकाहून जास्त चूक नाही, असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर तीन लाख कोटी बिट बिनचूक जायला हवेत. या वेगाला साधारण पाच मिनिटं.