बालवाडी टीचर ट्रेनिंग कोर्स : साडेतीन स्टार

एक वर्षाचा कोर्स नुकताच संपला म्हणून लिहितेय, इन्स्टिट्यूटचं नाव मुद्दाम देत नाही. थिअरी चांगली शिकवली, म्हणजे फ्रोबेलने १८४० मधे किंडरगार्टन हे नाव दिलं, माँटेसरीबाईंनी १९०७ मधे रोमला पहिलं बालगृह काढलं वगैरे. पण खरी मजा प्रॅक्टिकलला! पहिल्याच दिवशी रात्र जागून केलेला लेसन प्लॅन पाच मिनिटांत बाराच्या भावात गेला, एकाला शू लागली, एक आईसाठी रडायला लागला आणि त्याचं बघून अजून चौघांनी सूर लावला, मी आपली हातात पपेट घेऊन उभी. तिथल्या ताई काही न बोलता खाली बसल्या, टाळ्यांचं गाणं सुरू केलं, दोन मिनिटांत सगळी गप्प. हे नोट्समधे नसतं हो. "पळू नको" ऐवजी "हळू चाल" म्हणायचं, ऐकायला साधं वाटतं पण तोंडात बसायला मला महिना लागला. तक्रार म्हणाल तर फाइल आणि चार्ट यांचं काम अती, त्यामानाने मुलांसोबतचे दिवस फारच कमी. क्राफ्टचं सामान पण आपणच आणायचं. आणि दिवसभर उठाबशा काढून गुडघे दुखतात ते वेगळंच.