सापळ्यात टुटा नाही म्हणून मी खूश होतो, तिथंच फसलो

नारायणगावच्या बाजूला आमचं ३० गुंठे टोमॅटो, मार्चची लागवड. एप्रिलच्या शेवटी पानांवर पांढुरके फोड दिसायला लागले, पान उन्हाला धरलं की आत अळी वळवळताना दिसायची, म्हणजे टुटाच, टोमॅटोची पानं-फळं पोखरणारी कीड. त्याच आठवड्यात एक पोरगा बाईकवर आला, गळ्यात आयकार्ड, तोंडात साखर, अण्णा अण्णा करत बांधावरच बसला, आईनं त्याला चहा पण दिला (त्या चहाचा विषय घरात अजून निघतो).

ऑरगॅनिक औषध, २२०० ला लिटर, दोन बाटल्या घेतल्या की ६ कामगंध सापळे, म्हणजे किडीची पाखरं वासानं ओढून पकडणारे, फ्री. वर म्हणतो कसा, "अण्णा माझ्यावर नका ठेवू विश्वास, सापळ्यावर ठेवा, आठ दिवसांनी मीच येऊन मोजून दाखवतो." आणि खरंच आला. सहा सापळ्यांत मिळून दोन-तीन मोठी पाखरं, बाकी काहीच नाही. "बघा, टुटा संपली!" मी येड्यासारखा अजून दोन बाटल्या घेतल्या. पानं वाळतच होती पण म्हटलं हे जुनं असेल, सापळा काय खोटं बोलतोय का.

पहिल्या तोड्याला समजलं. फळाला देठाजवळ टाचणीनं टोचल्यासारखी भोकं, निवडताना जवळजवळ निम्मा माल बाजूला.

शेजारच्या नानांनी पाटीत साबणाचं पाणी करून वर टुटाची ल्यूर (सापळ्यात लावायची वासाची गोळी) टांगलेली, सकाळी बघितलं तर त्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या राखाडी पाखरांचा थर. आमचा बांध एकच, आणि माझ्याकडं शून्य? घरी येऊन ल्यूरचं फाटकं पाकीट शोधलं, बारीक अक्षरात लिहिलेलं हेलिकोव्हर्पा. म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीची ल्यूर! ज्या किडीच्या मादीचा वास त्याच किडीचे नर येणार, माझ्या सापळ्यात टुटा जन्मात आली नसती आणि त्या पठ्ठ्याला ते पक्कं माहिती होतं. मग बाटली बघितली, रजिस्ट्रेशन नंबर नाही, बॅच नाही, औषध किती विषारी ते दाखवणारा तो रंगीत त्रिकोण पण नाही, नुसतं हिरवं पान आणि '१०० टक्के विषमुक्त'.

फोन बंद. पंचायत समितीत गेलो तर साहेबांनी आधी पक्कं बिल मागितलं, माझ्याकडं वहीच्या पानावर 'औषध ४ नग', खाली सही पण नाही. तपासणीच्या सॅम्पलला सीलबंद बाटली पाहिजे, माझ्या चारही फोडलेल्या. ८८०० गेले ते गेलेच, त्यापेक्षा फवारणीचे पंधरा दिवस गेले त्याचं जास्त वाईट वाटतं.

आता ल्यूर घेताना पाकिटावर टुटा अब्सोल्युटा लिहिलंय का ते दुकानातच वाचतो आणि महिना-दीड महिन्यात बदलतो. सापळ्यात नुसते नर अडकतात, त्यामुळं तो भरलेला असो नाहीतर रिकामा, खालची पानं रोज उलटून बघतोच. परवा पाव्हणे सांगत होते त्यांच्या वाडीत पण कोणीतरी सापळे फुकट वाटून गेलंय. त्यांना म्हटलं आधी पाकीट कचऱ्यातून काढा आणि नाव वाचून मला फोन करा, अजून फोन आलेला नाही.