पहिलं पिस्तूल निवडताना: काही महिने ९ मिमी वापरल्यानंतर

स्वसंरक्षणासाठी पहिल्यांदा पिस्तूल घेणारा माणूस सगळ्यात आधी कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी आणि त्यावरून ओळखला जाणारा काडतुसाचा प्रकार, विचारतो. ९ मिमी की .४५ (इंच)? .३८० पुरेल का? मी काही महिने मध्यम आकाराचं ९ मिमी पिस्तूल नेमाने चालवते आहे. निवड करण्याआधी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, बरीच पिस्तुलं आणि दोन-तीन रिव्हॉल्व्हरं हाताळून पाहिली होती. त्या जोरावर सांगते: कॅलिबरला थोडाच वेळ द्या. बाकीचा सगळा वेळ पिस्तुलाचा आकार, वजन आणि ते तुमच्या हातात कसं बसतं हे तपासण्यात घालवा.

कायदा मात्र या सगळ्याच्या आधी येतो. कुठे ठरावीक कॅलिबरवर, कुठे मॅगझिनमध्ये (पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) किती काडतुसं मावतात यावर, तर कुठे हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, आत शिरल्यावर पसरणाऱ्या) गोळीवर बंधन असतं. तुम्ही राहता तिथल्या नियमांत जे बसत नाही ते यादीतून काढून टाका आणि मगच पुढे वाचा.

९ मिमी, म्हणजे ९×१९ (गोळीची जाडी ९ मिमी, काडतुसाच्या खोळीची लांबी १९ मिमी), हे काडतूस गेओर्ग लुगर यांनी १९०२ मध्ये आणलं. .४५ एसीपी त्यानंतर थोड्याच वर्षांत आलं, जॉन ब्राउनिंग यांच्याकडून. या दोघांचा वाद तेव्हापासून चालू आहे. त्याला जोर चढला तो १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मायामीत झालेल्या चकमकीनंतर. तिथे एफबीआयच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या, माणसाने झाडलेली ९ मिमीची एक गोळी हल्लेखोराच्या हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि तो पुढेही गोळ्या झाडत राहिला. एफबीआयने त्यानंतर जिलेटिनच्या, शरीराच्या मांसासारख्या मऊ ठोकळ्यांवर गोळ्या तपासण्याची पद्धत बसवली आणि किमान १२, जास्तीत जास्त १८ इंच शिरकाव, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर, अशी कसोटी ठरवली. आधी १० मिमी, मग १९९० मध्ये आलेलं .४० एसअँडडब्ल्यू काडतूस असा प्रवास करून २०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिमीची बाजू मांडली. मधल्या काळात गोळ्या सुधारल्या होत्या. आजची चांगली ९ मिमी हॉलो पॉइंट त्या कसोटीत बसते, आणि तिचा धक्का कमी असल्यामुळे बहुतेक लोक ती जास्त वेगाने आणि जास्त अचूक झाडतात.

आकडेच पाहायचे तर, ९ मिमीची १२४ ग्रेनची गोळी ८ ग्रॅमची असते आणि सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास सुटते. .४५ ची २३० ग्रेनची गोळी जवळजवळ १५ ग्रॅमची, पण वेग २५५ मीटरच्या आसपास. दोन्हींची ऊर्जा ४९० ज्यूलच्या घरात येते. संवेग (वजन गुणिले वेग) मात्र .४५ चा सुमारे एक तृतीयांशाने जास्त असतो, आणि हाताला जाणवतो तो संवेग. .३८० एसीपीची ऊर्जा ९ मिमीच्या निम्म्याच्या आसपास भरते. मला ९ मिमी निवडायला एवढं पुरलं.

काडतूस विकत घेताना खोक्यावरचा पूर्ण आकडा वाचा. ९×१७, ९×१८ आणि ९×१९ ही तीन वेगळी काडतुसं आहेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. नळीवर कोरलेलं आणि खोक्यावर छापलेलं तंतोतंत जुळलं पाहिजे.

आता आकाराकडे येते, कारण नवख्या माणसाला सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला इथे मिळतो. "हात लहान आहे ना, मग लहान पिस्तूल घ्या," असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. बाईमाणसाला तर हे हमखास सांगतात. प्रत्यक्षात लहान पिस्तूल चालवायला अवघड असतं. तीच गोळी निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून सुटली तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. हे साधं भौतिकशास्त्र आहे, त्यात कुणाच्या मताचा प्रश्न नाही. शिवाय लहान मुठीवर करंगळीला जागा उरत नाही, म्हणजे धक्का जास्त आणि धरायला बोटं कमी. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर कमी असल्याने नेमातली बारीक चूकही निशाण्यावर मोठी दिसते. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) हलकी असते म्हणून स्प्रिंग कडक लावावी लागते, आणि ज्यांच्या मनगटात ताकद कमी त्यांना नेमकी तीच स्लाइड मागे ओढता येत नाही.

माझं पिस्तूल ग्लॉक १९ च्या वर्गातलं आहे: नळी साधारण १० सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये १५ काडतुसं, भरलेलं वजन ८५० ग्रॅमच्या आसपास. तुलनेसाठी सिग पी३६५ सारखं छोटं पिस्तूल रिकामं असताना अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. तेही मी चालवून पाहिलं आणि त्या आकारात ते फार उत्तम बनवलं आहे. रोज अंगावर बाळगायचंच असेल तर मीही त्याचाच विचार करेन. पण शिकण्यासाठी आणि घरात ठेवण्यासाठी मला मधला आकार हवा होता. इतक्या महिन्यांनंतर त्याचा सर्वात मोठा फायदा हा दिसतो की मला सराव करावासा वाटतो. रेंजवरून परतताना तळहात ठणकत नाही, चाप ओढण्याआधी डोळे मिटत नाहीत. दुखवणारं हत्यार माणूस चालवायचं टाळतो, आणि सराव नसलेल्या हातात कुठलंही कॅलिबर कुचकामी आहे.

कमी ताकदीचं काडतूस म्हणजे कमी धक्का, हेही नेहमी खरं नसतं. वॉल्थर पीपीके घ्या. .३८० चं देखणं, जुनं, नावाजलेलं पिस्तूल. त्यात स्लाइड नळीशी कुलूपबंद होत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं पेलायचं असतं. त्यामुळे स्प्रिंग ताठ असते आणि धक्का अंगठ्याच्या बेचक्यात झणझणीत बसतो. ९ मिमीच्या आधुनिक पिस्तुलात नळी आणि स्लाइड क्षणभर एकत्र मागे सरकतात, मग नळी खाली झुकून सुटी होते. म्हणून तिथे काडतूस दमदार असूनही धक्का पसरून येतो. दोन्ही एकापाठोपाठ चालवल्याशिवाय हा फरक पटत नाही, म्हणून आवर्जून चालवून पाहा.

हातात कसं बसतं हे तपासायची माझ्या प्रशिक्षकांनी दिलेली पद्धत सोपी होती. आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची, डोळ्यांनी आणि बोट घालूनही. मग नळी आणि कोपरापुढचा हात एका रेषेत ठेवून मूठ धरायची आणि बोट चापावर नेऊन पाहायचं. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर आरामात टेकला तर पिस्तूल तुमच्या मापाचं. मूठ फिरवावी लागली तर नाही. "तुम्ही पिस्तुलाच्या मापात जाऊ नका, तुमच्या मापाचं पिस्तूल शोधा," असं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला बजावायचे. मुठीचा मागचा भाग बदलता येणारी पिस्तुलं मिळतात. माझ्याला सर्वात पातळ पट्टी लावल्यावर बोट बरोबर जागी आलं. तळहातभर जागा धरता येते, बोटही पोचतं, असा मेळ मला फार थोड्या पिस्तुलांत सापडला.

रिव्हॉल्व्हरविषयीही बोलायला हवं, कारण "पहिलं हत्यार रिव्हॉल्व्हरच असावं" हे मत अजून ठाम आहे. त्याचे गुण खरे आहेत. गोळी सुटली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र पुढे सरकतं. मॅगझिन नाही, ओढायला स्लाइड नाही. पण लोक सुचवतात ते छोट्या नळीचं, पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशलचं हलकं रिव्हॉल्व्हर. त्याचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास आणि चाप पूर्ण ओढायला पाच किलोहून जास्त जोर. म्हणजे हत्याराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त बळ बोटाने लावायचं आणि त्या वेळी नेम जराही हलू द्यायचा नाही. हे कसलेल्या हाताचं काम आहे. पूर्ण आकाराचं, जड, पोलादी .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊन त्यात .३८ स्पेशल चालवणं ही वेगळी गोष्ट, आणि ती मला मनापासून आवडली. ते काडतूस त्यात चालतं, उलट, म्हणजे .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये जास्त ताकदीचं .३५७ भरणं, मात्र कधीही करायचं नाही. घरातच ठेवायचं असेल आणि स्लाइड ओढणं जमत नसेल, तर मी हेच सुचवेन.

आता वापराचा हिशेब. सुरुवातीला माझं पिस्तूल अधूनमधून अडकायचं, रिकामी खोळ स्लाइडमध्ये उभी राहायची. मनगट सैल राहिलं की पिस्तूल हाताबरोबर मागे जातं, स्लाइडला हवा तेवढा आधार मिळत नाही आणि फेरी अर्धवट राहते. पकड घट्ट झाल्यावर हे थांबलं. नंतर पुन्हा अडकू लागलं तेव्हा दोष एकाच मॅगझिनचा निघाला. मॅगझिनांवर क्रमांक टाकून ठेवले होते म्हणून तो लगेच सापडला. एवढं तरी सगळ्यांनी करावं. अडकलेलं सोडवायची रीत, म्हणजे मॅगझिन खालून थोपटणं आणि स्लाइड जोरात मागे ओढून सोडणं, आता न पाहता जमते. साइट मी बदलल्या. मूळच्या ठीक होत्या, पण अंधारात दिसणाऱ्या ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनमुळे स्वतःच मंद चमकणाऱ्या) जास्त उपयोगी वाटल्या. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं असतं, त्यामुळे त्या हळूहळू मंद होणार हे धरूनच चालायचं. साइट चमकल्या तरी समोर कोण आहे ते दिसत नाही. म्हणून हातात वेगळी टॉर्च हवीच. ओळख पटल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये, कारण अंधारात पुढे उभं असलेलं माणूस घरातलंच असू शकतं.

सरावाला फुल मेटल जॅकेट (धातूच्या आवरणाची, न पसरणारी गोळी), घरात ठेवायला हॉलो पॉइंट, असं मी करते. फुल मेटल जॅकेट शरीर आणि पातळ भिंत दोन्ही पार करून जाऊ शकते. हॉलो पॉइंटचं टोक पसरतं आणि तिचा वेग आतच खर्च होतो. तरी चुकलेली गोळी कोणतीही असो, घरातल्या भिंती भेदतेच. खोलीचा कोणता कोन सुरक्षित हे आधी ठरवलेलं असावं. निवडलेल्या हॉलो पॉइंटचे निदान काही खोके तुमच्याच पिस्तुलातून विनाअडथळा गेले पाहिजेत, कारण तिच्या रुंद टोकामुळे काही पिस्तुलं अडतात. आणखी एक बारकावा फार थोडे सांगतात: तेच काडतूस पुन्हा पुन्हा नळीत भरलं तर गोळी खोळीत मागे दबते आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. मी वरचं काडतूस दर वेळी दुसऱ्याशेजारी धरून लांबी पाहते आणि शंका आली की ते बाजूला काढते.

कानांची काळजी पहिल्या गोळीपासून घ्या. पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० च्या वर एकाच आवाजाने कायमची हानी होऊ शकते. बंद रेंजवर मी कानात बोळे घालून वर मफ्स लावते. परतल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुते, कारण धुरात शिसं असतं. हात न धुता खाणं किंवा मुलांना जवळ घेणं नाही.

घरचा सराव रिकाम्या पिस्तुलावर होतो आणि माझी बहुतेक प्रगती त्यातून झाली आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत, पिस्तूल दोनदा तपासलेलं, समोर गोळी अडेल अशी भिंत. पुढच्या साइटवर नाणं ठेवून ते पडू न देता चाप ओढायचा. सराव संपला की पिस्तूल झटपट उघडणाऱ्या, भिंतीला पक्क्या बसवलेल्या तिजोरीत. तिची किल्ली वा संकेत मुलांच्या हाती लागता कामा नये. तिजोरी आधी घ्या, पिस्तूल नंतर.

ज्यांच्या बोटांत संधिवात आहे किंवा स्लाइड कितीही प्रयत्न करून मागे येत नाही, त्यांनी सोप्या स्लाइडची म्हणून बनवलेली पिस्तुलं पाहावीत, ती .३८० मध्येही मिळतात आणि ९ मिमीमध्येही. मात्र त्याआधी प्रशिक्षकांकडून रीत शिकून घ्या. स्लाइड घट्ट धरून ठेवायची आणि मूठ पुढे ढकलायची, असं केलं की बऱ्याच लोकांना नेहमीच्या पिस्तुलाचीही जमते. मला तशीच जमली.