आयफेल टॉवर: पायऱ्यांनी, लिफ्टनं, शिखरावर की नुसता समोरून?

"अगदी वरचंच तिकीट काढून टाकू ना?" पॅरिसला निघालेली बहुतेक मंडळी मला हाच प्रश्न विचारतात आणि माझ्या उत्तरानं थोडी हिरमुसतात. एवढ्या लांब जायचं, एवढा खर्च करायचा, मग अर्ध्यातून का परतायचं? मुद्दा बिनतोड वाटतो. पण मी टॉवरवर दोनदा गेले आहे, एकदा टूरबरोबर आणि एकदा घरच्यांबरोबर, आणि दोन्ही वेळा वरच्या टोकाला न जाताच मन रमलं.

आधी मजले समजून घेऊ, कारण इथले 'मजले' आपल्या इमारतींसारखे नाहीत. पहिला मजला जमिनीपासून ५७ मीटरवर, दुसरा ११६ मीटरवर आणि शिखराचा सज्जा थेट २७६ मीटरवर. त्याच्याही वर अँटेना, ती धरून एकूण उंची ३३० मीटर. म्हणजे दुसऱ्या मजल्यानंतर मधे काहीच नाही, नुसतं निमुळतं होत जाणारं लोखंड. तिकिटं चार प्रकारची: दुसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्यांनी, दुसऱ्यापर्यंत लिफ्टनं, दुसऱ्यापर्यंत पायऱ्या आणि पुढे शिखरापर्यंत लिफ्ट, किंवा सगळाच प्रवास लिफ्टनं. पाचवा पर्याय तिकिटाच्या पानावर दिसत नाही, तो म्हणजे वर न जाता टॉवर समोरून पाहणं. त्याच्याकडे शेवटी येते.

शिखरापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. वर काय आहे? वारा आहे, जूनमध्येही जाकीट घालायला लावणारा. टॉवर बांधणाऱ्या गुस्ताव्ह आयफेलची छोटीशी खोली आहे, तिच्यात आयफेल आणि त्याला भेटायला आलेला एडिसन यांचे मेणाचे पुतळे बसवले आहेत. एडिसन खरोखरच १८८९ च्या सप्टेंबरात इथे येऊन गेला होता. शॅम्पेन विकणारा एक चिमुकला बार आहे. आणि खाली पॅरिस आहे, पण ते नकाशासारखं. एवढ्या उंचीवरून घुमट, पूल, चौक सगळे सपाट होतात. हवा स्वच्छ असेल तर लांबवरचं दिसतं, धुरकट असेल तर राखाडी गालिचा. "मी सगळ्यात वर जाऊन आले" हे समाधान मात्र अस्सल आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्यांना ते नसल्याची चुटपुट वर्षानुवर्षं लागून राहील, त्यांनी जावंच.

फक्त त्याची किंमत पैशांपेक्षा वेळात मोजा. शिखराची लिफ्ट खालून थेट जात नाही, दुसऱ्या मजल्यावर उतरून दुसरी लिफ्ट धरावी लागते आणि तिथे पुन्हा रांग. येताना परत तेच. या वरच्या टप्प्याला एक जुनी गंमत आहे. १९८३ पर्यंत इथली लिफ्ट पाण्याच्या दाबावर चालायची, त्यामुळे हिवाळ्यात पाणी गोठलं की शिखर बंद. त्या वर्षी विजेच्या लिफ्ट आल्या आणि दुसऱ्या मजल्यापासून टोकापर्यंत जाणारा जुना गोल जिनाही काढला. त्याचे तुकडे करून ते लिलावात विकले. एक तुकडा पहिल्या मजल्यावर ठेवला आहे, तो जरूर पाहा. पायऱ्यांनी शिखर गाठायचा रस्ता म्हणूनच आता पर्यटकांना नाही. जोराचा वारा सुटला किंवा वर फार गर्दी झाली तर शिखर आजही बंद करतात. व्हीलचेअरला शिखरावर परवानगी नाही, दुसऱ्या मजल्यापर्यंत आहे.

दुसरा मजला. पॅरिस पाहायचं असेल तर माझं मत सरळ याच मजल्याला. इथून अँव्हालीद या जुन्या सैनिकी रुग्णालयाचा सोनेरी घुमट घुमटासारखा दिसतो, साक्रे-करचं पांढरं चर्च टेकडीवर बसलेलं दिसतं, सेन नदीवरचे पूल एकेक करून मोजता येतात, पायथ्याच्या शां द मार्स बागेच्या हिरवळीवर पसरलेली माणसंसुद्धा दिसतात. शहर ओळखता येतं, हा मोठा फरक. लेकीनं इथूनच आमच्या हॉटेलजवळचा पूल शोधून दाखवला, शिखरावरून ते जमलं नसतं.

टूरनं जाणाऱ्यांसाठी एक सूचना. आमच्या टूरच्या पत्रकात "आयफेल टॉवर समाविष्ट" असं ठळक छापलं होतं. तिथे पोचल्यावर कळलं की समाविष्ट म्हणजे दुसरा मजला. बसमध्ये अर्धे लोक रुसले, गाइडनं आकाशाकडे पाहून खांदे उडवले. मला त्या मजल्याची तक्रार नव्हती, न सांगण्याची होती. तेव्हा पैसे भरण्याआधी "कुठल्या मजल्यापर्यंत?" हे लेखी विचारून घ्या.

आता पायऱ्या. जमिनीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४. आकडा ऐकून लोक दचकतात, पण मधे पहिला मजला येतो आणि कोणी मागे लागलेलं नसतं. दुसऱ्या खेपेला आम्ही दोन प्रकारची तिकिटं काढली. नवरा आणि सासूबाई लिफ्टनं, मी आणि नऊ वर्षांची लेक दक्षिण पायातल्या जिन्यानं. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघी जा, माझे गुडघे माझं ऐकत नाहीत." आम्ही धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर ते दोघं अजून खाली रांगेतच होते.

पण पायऱ्यांची खरी कमाई वेळेची नाही. लिफ्टमधून टॉवर दिसतच नाही, पायऱ्यांवरून मात्र त्याच्या पोटातून जाता येतं. दोन्ही बाजूंना जाळी, जाळीपलीकडे हातभर अंतरावर तिरप्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर रिव्हेटांच्या, म्हणजे लोखंड जोडणाऱ्या खिळ्यांच्या ओळी, टाचणीच्या गोल डोक्यांसारख्या. लेकीनं मोजायला घेतल्या आणि शंभरच्या आतच नाद सोडला. एकूण २५ लाख आहेत. लोखंडाचे तुकडे १८,०३८. ते कारखान्यात मापात कापून, भोकं पाडून आणले आणि इथे जोडले, म्हणून तर जानेवारी १८८७ मध्ये सुरू झालेलं काम ३१ मार्च १८८९ ला उद्घाटनापर्यंत आलं. दोन वर्षं आणि दोन महिने. मूळ कल्पना आयफेलच्या कंपनीतल्या मॉरिस कोक्लँ आणि एमिल नुगिए या दोन अभियंत्यांची, पायांमधल्या त्या देखण्या कमानी वास्तुकार सोव्हेस्त्रच्या. नाव मात्र मालकाचं झालं. साधारण दर सात वर्षांनी हे सगळं रंगवतात, सुमारे ६० टन रंग लागतो. ब्रशनं, हातानं. जिन्यावर उभं राहून एखाद्या सांध्यात साचलेले रंगाचे थर पाहिले की या आकड्याला वजन येतं.

पहिला मजला लिफ्टवाले बहुधा टाळतात, कारण तो येताना पाहू म्हणतात आणि येताना कंटाळलेले असतात. पायऱ्यांवाल्यांना तो टाळताच येत नाही. तिथे काचेची जमीन आहे. लेक तिच्यावर बिनधास्त उड्या मारत होती, मी कडेला लोखंडाच्या पट्टीवर पाय ठेवून उभी. या मजल्याच्या बाहेरच्या पट्टीवर ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं कोरली आहेत, ती खालून वाचायची, वर चढण्याआधी.

पायऱ्यांचं तिकीट शिखराच्या लिफ्टच्या तिकिटाच्या निम्म्याहूनही स्वस्त पडतं. शिखराचं प्रौढांचं तिकीट जून २०२४ मध्ये २९.४० युरोंवरून एकदम ३५.३० युरो झालं. चौघांच्या कुटुंबाला हा फरक चांगला जाणवतो. चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. गुडघेदुखी, दम्याचा त्रास किंवा उंचीची भीती असेल तर पायऱ्यांचा विचार सोडा. जाळीतून खालचं सगळं दिसतं, आणि चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना जास्त लागतं.

बुकिंगमध्ये एक पेच आहे. लिफ्टची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ६० दिवस आधी खुली होतात, पायऱ्यांची १४ दिवस आधी. सुट्टीच्या मोसमात लिफ्टची, त्यातही शिखराची, भराभर संपतात. पण शिखराची मजा सगळी हवेवर अवलंबून, आणि दोन महिन्यांनंतरची हवा कोण सांगणार? त्यामुळे मी दुसऱ्या मजल्याचं तिकीट काढते. आकाश मोकळं असेल आणि मन झालंच, तर पुढचं तिकीट दुसऱ्या मजल्यावर घ्यायची सोय आहे. त्या दिवशी लेकीनं हट्ट धरला होता, पण वर पाटी लागली होती: वाऱ्यामुळे शिखर बंद. तिचं तोंड पडलं, माझे पैसे वाचले.

वेळेचंही असंच. "सूर्यास्ताला वर असू" हे सगळ्यांचं स्वप्न, पण जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि डिसेंबरात पाचच्या आत. लहान मूल किंवा वयस्क माणूस बरोबर असेल तर उन्हाळ्यात सकाळची पहिली वेळ गाठा आणि हिवाळ्यात दुपारी उशिराची. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी तरी पोचा, कारण टॉवरभोवतीच्या काचेच्या भिंतीपाशी एकदा आणि लिफ्टपाशी पुन्हा अशी दोनदा तपासणी होते. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत आणि सामान ठेवायची सोय तिथे नाही. बाकी, फ्रान्समध्ये यूपीआय सगळ्यात आधी सुरू झालं ते याच टॉवरच्या तिकिटांसाठी, फेब्रुवारी २०२४ मध्ये. तरी कार्ड बरोबर ठेवाच.

राहिला पाचवा पर्याय. वर गेलात की पॅरिसमधली एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे आयफेल टॉवर. तो पाहायला त्रोकादेरोच्या ओट्यावर जावं, नदीच्या पलीकडे, बरोबर समोर. किंवा आर्क द त्रिओंफ या विजयकमानीच्या गच्चीवर: २८४ पायऱ्या, उंची जेमतेम ५० मीटर, पण खाली बारा रस्ते ताऱ्यासारखे फुटलेले आणि लांबवर घरांच्या वर उठलेला टॉवर. दोन-तीनच दिवस असतील आणि एकाच उंच जागेचे पैसे द्यायचे असतील, तर आर्कची गच्ची आणि टॉवर खालून, हा सौदा मला वाईट वाटत नाही. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं टॉवरवरचे २०,००० दिवे लुकलुकतात. तेव्हा तुम्ही टॉवरवर असाल तर भोवती नुसते फ्लॅश उडाल्यासारखं वाटतं, त्रोकादेरोवर असाल तर सगळा टॉवर चमचमतो. सासूबाईंना दुसऱ्या मजल्याबद्दल आज विचारलं तर "छान होतं" एवढंच म्हणतात. त्या पाच मिनिटांबद्दल विचारलं तर बाकावर शेजारी कोण बसलं होतं तेसुद्धा सांगतात. त्या गर्दीत पर्स मात्र पुढ्यात धरा. कागदावर सही मागण्याच्या निमित्तानं पाकीट मारणाऱ्या मुली आणि वाट्यांखाली गोळी लपवून पैजेचे पैसे उकळणारे ठग, दोघांपासूनही लांब.

आणि टॉवरकडे जायला मेट्रोची सहा नंबरची लाइन घ्या. पासी स्टेशनापाशी ती जमिनीखालून वर येते आणि बीर-हाकेम स्टेशनाच्या आधी पुलावरून सेन ओलांडते. पासीहून बीर-हाकेमकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी पकडा.