इंजिन न उघडताच माझ्याकडून 61,400 रुपये उकळले

तीन महिने कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. घरीही खरा आकडा सांगायला पंधरा दिवस घेतले. पण परवा त्याच गॅरेजसमोर आणखी एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली, म्हणून आता सगळं लिहितो.

गाडी वडिलांची. चार सिलिंडर, पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली. त्यांच्या आजारपणात आठ महिने जागेवरच उभी होती. नंतर चोक ओढून, दहा-बारा वेळा सेल्फ मारून कशीबशी सुरू व्हायची. आयडलला ठीक, पण रेस दिली की घुसमटायची आणि बंद पडायची. पाच मिनिटं थांबलं की एखादं मिनिट नीट चालायची, मग परत तेच.

हे सगळं मी गॅरेजच्या मिस्त्रीला असंच्या असं सांगितलं होतं. म्हणजे दोषाचं निदान मीच त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं! टाकीत गाळ असला की गाडी चालू असताना तो ओढला जाऊन आतल्या जाळीवर बसतो आणि गाडी थांबली की सुटतो. आयडलला पेट्रोल थोडंच लागतं, तेवढं पोचतं. रेसला जास्त लागतं, ते पोचत नाही. आज हे मला पाठ आहे. तेव्हा नव्हतं, आणि ज्याला होतं त्याने तोंड बंद ठेवलं.

त्याने कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, आणलं. एक प्लग काढला, गेज लावलं, मला सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ रडत होता, कारण बॅटरी आधीच उतरलेली. काटा 60 पौंडांच्या आसपास. दुसरा सिलिंडर 60. तिसरा, चौथा, तेच. "साहेब, इंजिन बसलंय. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, सगळं उघडावं लागेल."

चारही सिलिंडर एकाच दिवशी, एकाच मापाने बसतात? तिथेच शंका यायला हवी होती. चांगलं जुनं पेट्रोल इंजिन साधारण 120 ते 150 पौंड दाखवतं. टेस्ट घ्यायची तर बॅटरी पूर्ण चार्ज हवी, चारही प्लग बाहेर हवेत आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला हवा, नाहीतर हवाच आत जात नाही. यातलं एकही त्याने केलं नाही. आकडा खरंच कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघतात. काटा वर गेला तर रिंगा झिजल्यात, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. तेही नाही. शिवाय रिंगा गेल्या की गाडी निळा धूर मारते, ऑइल पिते; ही धूर मारत नव्हती, ऑइलही कमी होत नव्हतं. मी हे बोललोही, तर म्हणाला, "आता होत नाही, पुढे होईल."

पैसे चार वेळा घेतले, सगळे रोख. आगाऊ 20,000. सामानाचे 22,400. लेथवाल्याचे 7,500. मजुरी 11,500. पावती म्हणजे साध्या कागदावर "इंजिन काम 61,400" आणि खाली एक फराटा. मी मूर्ख नाही. नोकरीत लाखांची बिलं तपासली आहेत. पण वडील नुकतेच गेले होते, गाडी त्यांची होती, आणि ती पुन्हा रस्त्यावर यावी एवढंच डोक्यात होतं. हा माणूस ते ओळखून होता. दर हप्त्याला "बाबांची गाडी आहे ना साहेब" हे वाक्य ठरलेलं.

एकोणीस दिवसांनी गाडी मिळाली. जुनं सामान मी आग्रहाने मागितलं. त्याने पिशवी दिली. घरी येऊन रिंगा मोजल्या. नऊ. एका पिस्टनला तीन, चार पिस्टनला बारा. नऊ म्हणजे तीन सिलिंडरच्या गाडीच्या! मी फोन केला. "बाकीच्या तुटल्या साहेब, झाडून टाकल्या." आणि मी ते मान्य केलं. तीन रिंगा झाडून टाकल्या हे मी मान्य केलं. रात्री अजून याच गोष्टीने जाग येते.

गाडी तर तशीच होती, रेस घेतच नव्हती. त्यावर उत्तर, "नवीन रिंगा आहेत, रनिंग-इन होऊ द्या, हजार किलोमीटर जाऊ द्या." नवीन रिंगा बसेपर्यंत गाडी सांभाळून चालवतात हे खरं आहे. पण त्यामुळे गाडी घुसमटून बंद पडत नाही. असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा.

दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी कॉइलची वायर काढली, म्हणजे ठिणगी उडायला नको. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धरला आणि सेल्फ मारला. दोन धारा आल्या, मग थेंब. टाकी उतरवली तर आत गंज आणि गाळ. टाकी धुणं, फिल्टर, रबरी पाइप, जेटची सफाई: 850 रुपये. गाडी पहिल्यासारखी पळायला लागली.

मग तो वाकून बराच वेळ इंजिनाकडे बघत राहिला. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, बोल्टवर जुनी घाण जशीच्या तशी, पाना लागल्याची खूणही नाही. खाली ऑइल चेंबरच्या बोल्टवर वाळलेला चिखल. हेड आणि चेंबर काढल्याशिवाय या इंजिनाच्या रिंगा बदलताच येत नाहीत. वरचं टॅपेट कव्हर तेवढं पुसून चकचकीत केलेलं. मी फोटो काढले. तुम्ही गाडी देतानाच काढा, बोल्टचे, जवळून.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. पहिल्या दिवशी साहेब बाहेर. दुसऱ्या दिवशी, "हा पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी आहे." तिसऱ्या वेळी पैसे उकळणाऱ्या पहिल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने सरळ सांगितलं, कॉम्प्रेशन मोजा. मोजलं. नीट टेस्ट घेतली तर चारही सिलिंडर 125 ते 130. तो म्हणाला, "बघा, मी काम केलं म्हणूनच चांगलं आलं!" आणि साहेबांनी मान डोलावली. बोल्टचे फोटो मी त्यांच्या टेबलावर ठेवले होते, त्यांनी उचलूनसुद्धा बघितले नाहीत. वर मलाच विचारलं, "मग तुम्ही पैसे दिलेत कशाला?" फसवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा पगार मिळतो का यांना? ग्राहक तक्रारीला गेलो. तिथे पक्की पावती, जॉबकार्ड आणि तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. पक्की पावती देणाऱ्याने मला फसवलं असतं का? दुसरा मिस्त्री तोंडी सगळं सांगतो, लिहून द्यायला तयार नाही, त्याला त्याच गल्लीत धंदा करायचाय. ऑनलाइन तक्रार केली, ती अकरा दिवसांत "निकाली" निघाली. कुणाचा साधा फोनही आला नव्हता. नोंदणीकृत पत्र पाठवलं, ते "घेण्यास नकार" म्हणून परत आलं.

गाडी रेस घेत नसेल तर आधी बॅटरी, मग प्लगची ठिणगी, मग बाटलीत पेट्रोलची धार बघा. टाकीचं झाकण सैल करून गाडी चालवून बघा, त्याचं हवेचं भोक बुजलं तरी असंच होतं. ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर बदलायला फारसा खर्च येत नाही. इंजिन सगळ्यात शेवटी. आणि रोख देऊ नका, कितीही गयावया केली तरी.

ज्यांची गाडी आत्ता कुठे "इंजिन कामाला" लागली आहे त्यांनी आजच, न सांगता जाऊन हेड उतरवलंय का ते डोळ्यांनी बघा. बघू देत नसेल तर पुढचा हप्ता देऊ नका आणि गाडी आहे त्या अवस्थेत ओढून आणा.