बेसबॉलची बॅटिंग शिकवायची तर टेड विल्यम्स की चार्ली लाऊ?

दोघेही आधी खेळाडू, मग शिकवणारे. विल्यम्सची 1941 ची 0.406 ही बॅटिंग सरासरी (म्हणजे दर हजार संधींमागे 406 यशस्वी फटके) सर्वांना ठाऊक आहे. 1969 मध्ये तो वॉशिंग्टन सेनेटर्स संघाचा मॅनेजर झाला आणि आदल्या वर्षी 65 सामने जिंकलेल्या संघाने 86 जिंकले. लाऊ मात्र साधा कॅचर (बॅटरच्या मागे उभा राहून चेंडू पकडणारा), मेजर लीगमधली, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेतली, सरासरी 0.255. पण 1974 मध्ये चाचपडणाऱ्या नवख्या जॉर्ज ब्रेटला कॅन्सस सिटीत त्यानेच हाती घेतलं, आणि 1976 मध्ये ब्रेट 0.333 ची सरासरी काढून अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) पहिला आला.

विल्यम्स सांगतो: मारण्याजोगा चेंडू निवड, कंबर आधी फिरव, बॅट किंचित वर जाऊ दे, कारण चेंडू खाली उतरत येतो. तर्क चोख आहे. घोडं अडतं ते कंबरेपाशी. ‘कंबर आधी’ ऐकलं की शिकाऊ मुलाचा पुढचा खांदाही उघडतो आणि डोकं चेंडूवरून हटतं. मग बाहेरच्या कडेच्या चेंडूपर्यंत बॅटचं टोक जेमतेम पोचतं, मनगटं लवकर उलटतात आणि उजव्या हाताच्या बॅटरचा फटका शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरकडे) घरंगळतो. कितीही समजावलं तरी आठवड्याभरात खांदा पुन्हा उघडतोच. 1946 मध्ये क्लीव्हलँडने बहुतेक फील्डर उजवीकडे, म्हणजे डावखुऱ्याचा जोराचा फटका जातो त्या बाजूला, आणून ठेवले, तरी डावखुरा विल्यम्स प्रामुख्याने तिकडेच मारत राहिला. त्याची नजर तशी होती. ती शिकवता येत नाही.

लाऊची पद्धत शिकवता येते. वजन आधी मागच्या पायावर, मग घट्ट रोवलेल्या पुढच्या पायावर. पाऊल टाकताना पुढचा चवडा पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) उघडायचा नाही. पाय टेकला की बॅट सुटायच्या तयारीत हवी, डोकं खाली, आणि चेंडू जिथे पडेल त्या दिशेला मारायचं. सरावाला टी (चेंडू ठेवायचा उभा दांडा) बाहेरच्या कडेवर, आतल्या चेंडूच्या जागेपेक्षा वीतभर मागे ठेवा. उजव्या हाताच्या मुलाला 20 चेंडू उजव्या फील्डकडे मारायला सांगा.

यातही दोन खोड्या आहेत. वरचा हात फटक्यानंतर सुटायला हवा. मुलं तो आधीच सोडतात आणि जोर जातो. दुसरी, संथ चेंडूवर अंग पुढे लोटलं जातं. डोकं पुढच्या गुडघ्यापलीकडे गेलं तर पाऊल लहान करा. दोन्ही चुका लांबूनही दिसतात, म्हणून लगेच सुधारता येतात.

चेंडू ओळखता येणाऱ्या, ताकदवान खेळाडूला विल्यम्स कदाचित जास्त देईल. शिकाऊ मुलांसाठी मी लाऊकडे झुकतो. विल्यम्सचा चेंडू निवडण्याचा धडा मात्र सोडू नका. तो लाऊच्या पद्धतीतही जसाच्या तसा बसतो.